बेरियम, डेसिबल आणि पहाटेचे सहा

१८८४ सालचा स्फोटक कायदा आजही लागू आहे. त्यातली ‘स्फोटक’ची व्याख्या लांबलचक आहे. बंदुकीची दारू, नायट्रोग्लिसरीन, टीएनटी, पिक्रिक आम्ल अशी नावं घेत घेत ती त्याच दमात रॉकेट, वाती आणि शोभेच्या दारूपर्यंत येऊन पोचते. म्हणजे लहान मुलाच्या हातातली फुलबाजी आणि खाणीत खडक फोडणारा माल कायद्याच्या लेखी एकाच बिरादरीतले. दरवर्षी दिवाळीत फटाक्यांवरून जे वाद होतात, त्यांतल्या बऱ्याच गोंधळाचं मूळ इथे आहे, असं मला वाटतं. हा कायदा करणाऱ्यांसमोर कारखाना होता, गोदाम होतं, वाहतूक होती. गल्लीत वात पेटवून पळणारा माणूस त्यांच्या खिजगणतीत नव्हता. आवाज आणि धूर हे प्रश्न शतकभराने आले, आणि जुन्या वाड्यावर मजले चढवावेत तसे नवे नियम त्याच पायावर चढत गेले.

या कायद्याखाली सध्या २००८चे स्फोटक नियम चालतात. त्यांत स्फोटकांचे वर्ग पाडले आहेत आणि फटाके सातव्या वर्गात येतात. अंमलबजावणी ‘पेसो’कडे, म्हणजे पेट्रोलियम अँड एक्स्प्लोझिव्हज सेफ्टी ऑर्गनायझेशनकडे आहे. तिचं मुख्यालय नागपुरात आहे, हे मराठी वाचकांनाही सहसा ठाऊक नसतं. देशातला बहुतांश माल बनतो तमिळनाडूतल्या शिवकाशीच्या परिसरात, पण तिथल्या मोठ्या कारखान्याला परवाना हवा असेल तर कागद नागपूरला जातो. लहान उत्पादकाचं, म्हणजे एका वेळी १५ किलोपर्यंत दारू हाताळणाऱ्याचं, काम जिल्हाधिकाऱ्यांकडे भागतं. आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरखेड्यात फटाके बनवण्याचा धंदा जुना आहे. महाराष्ट्रात इतरत्रही लहान लहान शेड आहेत. कागदावरचे किलो आणि शेडमधला माल यांचा मेळ बसतो का, याची तपासणी अशा ठिकाणी बहुतेक वेळा स्फोट झाल्यानंतरच होते, ही गोष्ट वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

दिवाळीतल्या तात्पुरत्या स्टॉलचे नियम मात्र मुद्दाम वाचावेत असे आहेत. शेड न पेटणाऱ्या सामानाची हवी. दोन शेडमध्ये किमान ३ मीटर अंतर हवं, आणि घरं, शाळा, देवळं अशा संरक्षित बांधकामांपासून ५० मीटर. शेडची तोंडं समोरासमोर नकोत. आत किंवा आसपास तेलाचा दिवा, गॅसबत्ती, उघडी ज्योत नको. विजेचे दिवे भिंतीला किंवा छताला पक्के बसवलेले हवेत, वायरीला लोंबकळणारे चालणार नाहीत. बटणंही पक्की, आणि शेडच्या प्रत्येक रांगेला एक मुख्य स्विच. शेडपासून ५० मीटरच्या आत फटाका लावून दाखवायचा नाही. आणि एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त दुकानं नकोत.

हे वाचून आपल्या गावातला फटाक्यांचा बाजार आठवून पाहा. कापडी मंडप, बांबू, एकमेकांना टेकलेली टेबलं, वर लोंबणारे दिवे, आणि ‘हा वाजतो का हो?’ असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकासाठी बाजूलाच पेटवलेला नमुना. २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, ऐन दिवाळीत, औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) जिल्हा परिषद मैदानावरच्या फटाका बाजाराला आग लागली आणि शंभराहून अधिक दुकानं जळून खाक झाली. नियमातला ५०चा आकडा कुणी लहर म्हणून लिहिलेला नाही. एक शेड पेटली तर ती एकटीच जळावी, एवढाच त्या ३ मीटरचा हेतू. मोकळ्या हवेत सुटी पडलेली फटाक्याची दारू भसकन जळून जाते. बंद डब्यांच्या थप्प्यांत तीच दारू शेजारच्या दुकानात रॉकेटं पाठवते.

विनापरवाना विक्रीला या कायद्यात शिक्षा आहे दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा ३,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विनापरवाना उत्पादनाला तीन वर्षं आणि ५,००० रुपये. एखाद्या बऱ्यापैकी स्टॉलच्या एका संध्याकाळच्या गल्ल्यासमोर ही रक्कम किरकोळ आहे. रेल्वेतून फटाके नेण्याबद्दल वेगळा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दिवाळीला गावी निघालेल्यांच्या पिशव्यांत चार डबे असतातच, त्यांतल्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

इथवरचा कायदा आगीचा झाला. आवाजाचा कायदा १९९९ साली आला, तोही स्फोटकांच्या वाटेने न येता पर्यावरण संरक्षणाच्या नियमांतून. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका बनवायचा, विकायचा किंवा वाजवायचा नाही. माळेसाठी वेगळं सूत्र दिलं आहे. माळेतल्या फटाक्यांच्या संख्येचा लॉगॅरिदम घ्यायचा, त्याला ५ने गुणायचं आणि तेवढे डेसिबल मर्यादेतून वजा करायचे. शंभराच्या माळेत प्रत्येक फटाक्याला ११५ डेसिबलची मुभा, हजाराच्या माळेत ११०ची, दहा हजारांच्या माळेत १०५ची. एखाद्या गणिताच्या मास्तरांनी बसून केल्यासारखा हा नियम आहे. तत्त्व बरोबरच आहे, कारण सलग पंधरा मिनिटं चालणारा आवाज एका बारपेक्षा कानाला जास्त छळतो.

मोजायचं कसं, हेही तिथेच लिहिलं आहे, आणि माझ्या मते सगळी मेख त्या ओळींत आहे. जमीन कडक काँक्रीटची, निदान ५ मीटर व्यासाची हवी. फुटण्याच्या जागेपासून १५ मीटरपर्यंत आवाज परतवणारा कोणताही पृष्ठभाग, म्हणजे भिंत, नको. आता गिरगावातली चाळ घ्या, पुण्यातली पेठ घ्या किंवा नवी सोसायटी घ्या, चारी बाजूंना १५ मीटर भिंत नाही अशी जागा कुठे सापडते? मैदानावर १२५ डेसिबलच्या आत बसलेला सुतळी बॉम्ब दोन इमारतींच्या बोळात लावला की आवाज भिंतींवर आपटून दुणावतो. तो फटाका नियमानुसारच असतो आणि तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं मूलही नियमानुसारच दचकून उठतं. मर्यादा वस्तूला घातलेली आहे, जागेला घातलेली नाही. शिवाय बीटवरच्या हवालदाराने ती तपासायची कशी? त्याच्याकडे प्रमाणित यंत्र हवं, ते वात पेटण्याआधी ४ मीटरवर रोखलेलं हवं, आणि फटाका फुटल्यानंतर पुरावा म्हणून उरतो कागदाचा चुरा. हा कारखान्यासाठी लिहिलेला नियम आहे आणि कारखान्यात तो उत्तम चालू शकतो. मुंबईत चेंबूरच्या आरसीएफ मैदानावर प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आवाज फाउंडेशन ही संस्था दिवाळीआधी बाजारातले फटाके मोजतात, तेव्हा त्यांनाही आधी मोकळं मैदान शोधावं लागतं.

रस्त्यावर चालतो तो घड्याळाचा नियम. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत रात्र म्हणजे १० ते ६, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके बंद केले. ते प्रकरण मुळात फटाक्यांचं नव्हतंच. अत्याचाराला बळी पडलेल्या १३ वर्षांच्या मुलीच्या किंकाळ्या शेजारच्या लाउडस्पीकरमुळे कुणाला ऐकू गेल्या नाहीत, ही बातमी वाचून एका नागरिकाने याचिका केली होती. २०१० साली ही बंदी नियमांतच घातली गेली. हा नियम मोडला की नाही, हे ठरवायला कान आणि मनगटावरचं घड्याळ पुरतं, म्हणूनच त्याचा थोडाफार वचक दिसतो.

धुराचा नंबर सर्वांत शेवटी लागला. आवाजाच्या कायद्याला तर तो दिसतच नव्हता. नागगोळी हे त्याचं उत्तम उदाहरण. काळी टिकली, काडी लावली की वळवळत राखेचा साप बाहेर पडतो, आवाज शून्य. अगदी लहान मुलांच्या हातात आपण निर्धास्तपणे देतो ती हीच. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने काही वर्षांपूर्वी वेगवेगळ्या फटाक्यांचा धूर जवळून मोजला, तेव्हा सूक्ष्म कणांत पहिला नंबर नागगोळीचा आला. एका घनमीटर हवेत ६४,५०० मायक्रोग्रॅम. दुसरी आली माळ. भुईचक्र आणि भुईनळा बरेच मागे होते. डेसिबलच्या कायद्याने मोजायचं तर नागगोळी सगळ्यांत निष्पाप ठरते.

रसायनांवर बंदी त्याआधीही होती, पण ती फुप्फुसांसाठी नव्हती. १९९२ साली सरकारने क्लोरेट आणि गंधक यांचं मिश्रण असलेल्या स्फोटकांवर बंदी घातली, कारण ते मिश्रण नुसत्या घर्षणानेही पेट घेऊ शकतं. चोरून येणाऱ्या चिनी फटाक्यांचा धोका मुख्यतः हाच आहे. न्हावा-शेवा बंदरात दुसराच माल दाखवून आणलेले असे कंटेनर महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले आहेत. स्वस्त पडतात म्हणून ते घेणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं, की धोका वाजवताना आहे तसाच घरी माळ्यावर ठेवतानाही आहे.

धुराचा खटला २०१५ साली दिल्लीतल्या तीन तान्ह्या मुलांच्या नावाने दाखल झाला. सर्वांत लहान मूल सहा महिन्यांचं होतं, मोठं चौदा महिन्यांचं. त्यांच्या वतीने त्यांचे वडील सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्जुन गोपाल विरुद्ध भारत सरकार हे ते प्रकरण. नोव्हेंबर २०१६ मध्ये दिल्ली परिसरातले विक्री परवाने स्थगित झाले, २०१७च्या सप्टेंबरात ती स्थगिती सैल झाली, ऑक्टोबरात परत आवळली. मग २३ ऑक्टोबर २०१८ रोजी सविस्तर निकाल आला आणि आज देशभर जे चालतं ते बहुतेक त्यातलंच आहे. फटाके फक्त कमी उत्सर्जनाचे किंवा ‘ग्रीन’, तेही परवानाधारक दुकानातून. ऑनलाइन विक्री बंद. माळा बंद. बेरियमचे क्षार बंद. दिवाळीत रात्री ८ ते १० एवढीच वेळ, आणि नाताळ व नववर्षाला ११:५५ ते १२:३०. लग्नाच्या वरातीलाही ग्रीन फटाकेच. उल्लंघन झालं तर त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याचा प्रमुख न्यायालयाच्या अवमानाला व्यक्तिशः जबाबदार. धार्मिक स्वातंत्र्याचा मुद्दा मांडला गेला होता. न्यायालयाने जगण्याच्या आणि आरोग्याच्या हक्काचं पारडं जड मानलं.

माळांवरच्या बंदीमुळे ते सुरेख लॉगॅरिदमचं सूत्र निरुपयोगी झालं. नियमात ते अजून आहे, आणि बंदी असलेली दहा हजारांची माळ बाजारात अजून आहे.

‘ग्रीन’ फटाका हेही नागपूरचंच अपत्य. तिथल्या ‘नीरी’ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, त्याची सूत्रं बसवली. ‘स्वास’ या प्रकारात फुटताना पाण्याची वाफ सुटून धूळ दबते, ‘स्टार’मध्ये पोटॅशियम नायट्रेट आणि गंधक वगळलं आहे, ‘सफल’मध्ये ॲल्युमिनियम कमीत कमी ठेवलं आहे. दावा सूक्ष्म कण निदान ३० टक्क्यांनी कमी होण्याचा आहे. दावा खरा धरला, तरी दीडपट फटाके वाजवले की हिशेब पुन्हा पहिल्या जागी येतो, हे तोंडी गणित आहे. म्हणून ग्रीन फटाका आणि दोन तासांची मर्यादा ही जोडी आहे. दुकानदार जाहिरातीत पहिली अर्धीच सांगतात.

यात एक गंमत आहे. फटाक्यातला हिरवा रंग बेरियमचा. लाल स्ट्राँशियमचा, निळा तांब्याचा, पिवळा सोडियमचा, तसा. तेव्हा ग्रीन फटाक्यातून मोराच्या पिसासारखा झगझगीत हिरवा प्रकाश निघत असेल, तर डब्यावरच्या शिक्क्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. बेरियम नायट्रेटचं काम रंगापुरतं नसतं, ते जळणाला प्राणवायू पुरवतं. आपल्याकडच्या फुलबाजीच्या मसाल्यात ते ठरलेलंच असायचं. त्यामुळे बंदीचा खरा फटका बसला तो मोठ्या बॉम्बपेक्षा फुलबाज्यांसारख्या, दिव्याच्या म्हणून निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या मालाला. कारखानदार बेरियम आणि माळांना परवानगी मागत पुन्हा न्यायालयात गेले, सप्टेंबर २०२३ मध्ये ती मागणी फेटाळली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यायालयाने स्पष्ट केलं, की हे आदेश एकट्या दिल्लीपुरते नाहीत, सगळ्या देशाला लागू आहेत.

बेरियमची बंदी पाळली जाते का, हे एकदाच नीट तपासलं गेलं. न्यायालयाने २०२० साली सीबीआयच्या चेन्नईतल्या अधिकाऱ्यांना कारखान्यांत पाठवलं. नमुने घेतले, प्रयोगशाळेत तपासले, खरेदीची कागदपत्रं पाहिली, आणि बंदी असलेलं रसायन सापडलं. त्यावरून न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये काही उत्पादकांना जाब विचारला. मला या एका तपासाचं मोल दिवाळीतल्या हजार नाकाबंद्यांपेक्षा जास्त वाटतं. रसायनाची बिलं कारखान्यात असतात, पोतीही तिथेच असतात, आणि तिथे काही सिद्ध करता येतं. एकदा डबा बंद होऊन ट्रकमध्ये चढला, की त्यात काय आहे हे घाऊक व्यापाऱ्यालाही कळत नाही. डब्यावर नीरीचं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो खरा. पण चिन्ह छापायला छापखाना पुरतो, आणि बनावट कोडबद्दल न्यायालयानेही नाराजी नोंदवली आहे.

दिल्लीची कहाणी या गोंधळाचा आरसा आहे. २०२४च्या अखेरीस तिथे वर्षभराची संपूर्ण बंदी आली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सैल करायला नकार दिला. आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला त्याच न्यायालयाने दिवाळीपुरती ग्रीन फटाक्यांना परवानगी दिली. संपूर्ण बंदी असतानाही फटाके वाजतच होते आणि ते चोरटे, म्हणजे आणखी वाईट होते, हे त्यामागचं कारण. हा युक्तिवाद मला पूर्ण पटत नाही. त्याच न्यायाने चोरून होतं ते सगळंच मोकळं करावं लागेल. पण कारखान्यात सैल आणि गल्लीत कडक अशी बंदी टिकत नाही, एवढं त्यातून दिसलं.

त्या २०२५च्या आदेशात एक बारीक गोष्ट होती, जी मराठी माणसाच्या कामाची आहे. वेळ दिली होती रात्री ८ ते १०, आणि शिवाय सकाळी ६ ते ७. रात्री ८ ते १० ही लक्ष्मीपूजनाच्या दिवाळीची वेळ. आपली दिवाळी सुरू होते नरक चतुर्दशीच्या पहाटे. तेल-उटणं, अभ्यंगस्नान, पायाखाली कारीट, आणि मग अंधार असतानाच वाड्यात पहिला फटाका कुणाचा यावरून चढाओढ. गोव्यात तर रात्रभर मिरवलेला नरकासुर उजाडायच्या आत जाळतात, आणि त्याच्या पोटात फटाकेच भरलेले असतात. कायद्याच्या घड्याळात ही सगळी वेळ रात्रीची आहे.

तमिळ लोकांची दिवाळीही पहाटेचीच. २०१८चा निकाल लागताच तमिळनाडू सरकार आठवडाभरात न्यायालयात गेलं. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयाने सांगितलं, की दोन तासांची मर्यादा कायम राहील, पण ते दोन तास कोणते हे राज्याने आपल्या प्रथेप्रमाणे ठरवावं. तमिळनाडूने सकाळी ६ ते ७ आणि संध्याकाळी ७ ते ८ अशी वाटणी करून घेतली. मुंबईत २०२३ साली हवा फार बिघडली तेव्हा उच्च न्यायालयाने आधी संध्याकाळी ७ ते १० आणि मग ८ ते १० अशी वेळ ठरवून दिली. पहाट त्यात नव्हती.

महाराष्ट्राने तमिळनाडूसारखी मागणी केली तरी ६च्या अलीकडे जाता येणार नाही, कारण तिथे २०००चे केंद्राचे ध्वनिनियम आडवे येतात. त्या नियमांत सणांसाठी रात्री १० ते १२ अशी सवलत आहे, तीही वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ती लाउडस्पीकरसाठी. त्या सवलतीत फटाक्यांचा उल्लेख नाही. ध्वनिनियम बोलतात ते आवाजाच्या फटाक्यांविषयी. पहाटे पाचला लावलेल्या भुईनळ्याला त्यांची हरकत नाही, हरकत असलीच तर ती २०१८च्या निकालातल्या दोन तासांची, आणि ते दोन तास वाटून घेणं राज्याच्या हातात आहे.